निव्वळ

मंगळवारी रात्री पावणेदोनला कॅल्क्युलेटर उघडेना.
क्लिक केलं की खिडकी पापणीसारखी लवते
आणि गायब.
पुन्हा क्लिक. पुन्हा तेच.
बाहेर सातपूरच्या काट्यावर भंगाराची गाडी, इंजिन चालू,
क्लीनर टायरला लाथ मारून बघतोय.
भरलेली सत्तावीस हजार तीनशे चाळीस.
खाली नऊ हजार आठशे साठ.
मधलं काय ते मी सांगायचं.
लाल आकड्यांचा डबा नुसतं वजन दाखवतो,
वजाबाकी त्याच्या पगारात नाही.

तौसीफला उठवलं. एम. जी. रोडला दुकान त्याचं,
आवाज झोपेतला, पण सगळं पाठ.
बंद कर, चालू कर.
केलं.
सेटिंगमध्ये जा, ॲप्स, यादीत खाली ये,
दुरुस्तीवर दाब.
दाबलं. बरोबरची खूण आली.
कॅल्क्युलेटर नाही आला.
मग रीसेट. मग स्टोअर धुऊन काढायचं, म्हणाला,
करपलेला कुकर धुतात तसं.
मग काळी खिडकी, पांढरी अक्षरं,
तो सांगतो एकेक, मी टंकते,
मध्ये डॅश, मध्ये जागा, नाही ताई, तिरपी रेघ,
अठ्ठावीस टक्के, एकोणतीस, हॉर्न,
एकोणतीसच.

शेवटी लिहून आलं : कुठलाही बिघाड आढळला नाही.

सिव्हिलमध्ये आईच्या कागदावरही
हेच लिहिलं होतं.

गाडी किती वेळ थांबवणार?
पावती उलटी केली, पेन घेतलं,
चौथीनंतर पहिल्यांदा आकड्याखाली आकडा मांडला.
शून्यातून शून्य. चारातून सहा जात नाहीत,
शेजारून एक उसना.
सतरा हजार पाचशे ऐंशी.
सही केली. गाडी गेली.
त्यानंतर दहा गाड्या, दहा पावत्या,
पाठीमागून सगळ्या निळ्या.

पहाटे तौसीफ म्हणाला, मशीन ठीक आहे ताई,
खातं खराब झालंय.
कुणाच्या नावानं उघडतेस तू?

स्क्रीनवर रोज दिसतं ते नाव मी तेव्हा वाचलं.
कचेश्वर.
एकोणीस वर्षं या खुर्चीत बेंडकुळे काका होते,
आठ महिने झाले, मी आहे,
पण कॉम्प्युटर अजून त्यांनाच नमस्कार करतो.
मी येते, त्यांचं नाव दाबते, आत जाते.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नवं खातं काढायला मालकीचा पासवर्ड लागतो.
सहाला फोन केला. काका दिंडोरीला, लेकीकडे,
मागे म्हैस हंबरत होती.
पासवर्ड त्यांनी उजळणी म्हटल्यासारखा म्हटला,
एमएच पंधरापासून सुरू होणारा,
कुठल्या गाडीचा ते सांगितलं नाही.
मग विचारलं, अडलंय कशानं?
म्हटलं, कॅल्क्युलेटर उघडत नाही.
"त्यात असतो होय?" म्हणाले.

नाव टाका, असं आलं.
प्रणोती गांगुर्डे, मी टाकलं. कुणी चुकवलं नाही ते,
रेशनकार्डावरही जमलं नव्हतं असं.
जरा थांबा, सगळं तयार करत आहोत.
निळा पडदा. कोरा. त्यावर एकही फाईल नाही,
काकांचा तो गोदाघाटाचा फोटोही नाही.
क्लिक केलं.
उघडला.
मध्ये एक शून्य, माझी वाट बघत.

जुनं खातं काढून टाकायचं का, हेही विचारलं त्यानं.
मी खिडकी बंद केली, उत्तर न देता.

मग अकरा पावत्या पुन्हा घातल्या, एकेक.
दहा बरोबर.
पहिलीत शंभर किलो जास्त.
उसना घेतला होता,
ज्याच्याकडून घेतला त्याचा कमी करायला विसरले.

सव्वाआठला तीच गाडी परत काट्यावर चढली.
ड्रायव्हरनं काच खाली केली.
मी आडवी रेघ मारून नवा आकडा लिहिला,
चारशे ऐंशी, आणि शेजारी सही,
या वेळी पूर्ण नाव.
त्यानं पावती उलटी करून
निळी वजाबाकी वाचली, वरून खाली, ओठ हलवत,
आणि म्हणाला, रात्रीच कळलं होतं,
पण म्हटलं, पहिलीच दिसते.