कळ काढ

पहाटे तीनला कैवल्य जिन्यात दिसला,
सतरा वर्षांचा, सहा फुटी, गुडघे पोटाशी.
'पोटात दुखतंय,' म्हणाला.
बाहेर ॲबर्डीनच्या ग्रॅनाइटवर दहिवर गोठलेलं,
घरातला हीटर नुकताच बंद पडलेला.
मी ओवा शोधला.
ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी,
आमच्या फडताळातलं सगळं औषध पोटाचंच.
'जरा कळ काढ,' म्हणालो, 'सकाळी बघू.'
माझे वडील मला हेच म्हणायचे,
दात, कान, मोडलेला अंगठा,
सगळ्यावर हा एकच काढा.

तो उलटी करून आला.
पुन्हा बसेना. बसवतच नव्हतं.
मग भिंतीकडे बघत, इंग्रजीत,
अगदी हळू, बॉल म्हणाला. डावा.
मला वाटलं, फुटबॉल खेळताना लागलं.
'नाही बाबा. झोपेतून जागा झालो तोच याने.
एक वाजता.'

एवढ्या वर्षांत मी त्याला
पंक्चर काढायला शिकवलं, वर्गमूळ काढायला,
भाताला किती बोटं पाणी, तेही.
या जागेसाठी माझ्याकडे दोनच शब्द होते,
एक शिवीतला, एक जीवशास्त्राच्या पुस्तकातला.
मुलाच्या तोंडी दोन्ही कधी दिले नाहीत.
म्हणून तो दोन तास
पोट म्हणत राहिला.

फोनवरच्या बाईने तीन प्रश्न विचारले.
अचानक सुरू झालं? उलटी? एकाच बाजूला?
मग तिचा आवाज बदलला.
'निघा. खायला काही देऊ नका, पाणीसुद्धा नको.'

डॉक्टर मॉरवेन गेडिस त्याच्या खांद्याला लागेल इतकी.
आधी त्याला विचारलं, मग पडदा ओढला,
मी पडद्याबाहेर, माझ्या बुटांकडे बघत.
बाहेर येऊन म्हणाली, डावा वर सरकलाय, आडवा झालाय.
मांडीला आतून बोट फिरवलं
तर उजवा उचलला जातो, हा हलत नाही.
'स्कॅनची वाट बघत बसणार नाही. उघडूनच बघू.'
कागदाच्या मागे तिने एक दोरी काढली, तिला वेढे दिले.
रक्त याच दोरीतून जातं. पीळ पडला की थांबतं.
सहा तासांच्या आत बहुतेक वाचतो,
पुढे दर तासाला आशा कमी.
काढावा लागला तर काढू, हेही तिने
त्याच्याच डोळ्यांत बघून सांगितलं.
सही त्याने केली. इथे सोळाला चालते.
भूल देणाऱ्याने विचारलं, शेवटचं काय खाल्लं?
मी ओवा समजावत राहिलो.
बिया. पचनाच्या. चिमूटभर.
त्याने गंभीरपणे लिहून घेतलं.

मी बंदरावर जहाजांचे दोर तपासतो.
नायलॉनला पीळ बसला की हातमोज्यातूनही कळतो.
घरातला कळला नाही.
कळ आणि कळणं,
एवढे जवळचे शब्द, मध्ये अख्खा जिना.

निषाद, अकराचा, पायजम्यावर कोट चढवून
खुर्च्यांवर आडवा झोपलेला.
आईचा फोन नाशिकहून तीनदा आला.
सव्वापाचला गेडिसबाई टोपी काढत आली.
दीड वेढा होता. सोडवला
तेव्हा जांभळा होता, जवळजवळ काळा.
ऊबदार ओल्या कपड्यात ठेवून सगळे वाट बघत उभे राहिले.
'मग हळूहळू गुलाबी झाला,' ती म्हणाली,
'मला स्वतःला हा भाग फार आवडतो.'
टाके दोन्हीकडे घातलेत,
आता कुठलाच फिरायचा नाही.

सुंभ जळतो, पीळ जात नाही, म्हणतात.
इथे पीळ गेला, सुंभ राहिला.

निषादला उठवलं आणि सगळं सांगितलं.
शब्द शिवीतलाच वापरला, शिवीसारखा नाही.
'ई, बाबा!' तो म्हणाला,
मग बराच वेळ गप्प,
मग, 'मला झालं तर?'
मला उठव.
'तीन वाजता?'
तीन वाजता. कळ काढू नकोस.
त्याने मशीनकडे बोट दाखवलं, त्याला चिप्स हवे होते.
माझ्या खिशात सुटे नव्हते.