सहावी नान

गुंत नदीच्या वरच्या अंगाला, जिथे पीठ
ट्रकमधून घाट चढून येतं आणि मुठीने मोजलं जातं,
ओदिनामोने तंदुरात डोकावून विचारलं,
"उभ्या भिंतीला चिकटलीय, तर ती पडत का नाही?"

उत्तर तोंडाशी आलं होतं.
माझ्या आईचंच ते, घडी घालून ठेवलेलं:
पडत नाही म्हणून पडत नाही. हो बाजूला, भाजशील.
मी ते गिळलं.
जड गेलं, खरं सांगते;
दोन मुलं, एक गाय, आणि पीठ पाच दिवसांचं.

तिच्या हातात गोळा दिला.
कोपरापर्यंत ओलं फडकं गुंडाळलं,
एवढंच शिकवलं: केस बांध,
आणि भीती वाटली तर हात मागे घे, त्यात लाज नाही.

पहिली राखेत.
दुसरी राखेत, पण जरा थांबून.
हे "जरा थांबून" तिनेच पकडलं, माझं लक्षही नव्हतं.
"दुसरीला मी पाणी जास्त लावलं होतं, आई."
मग भिंतीवर कोळशाने खुणा:
एक ठिपका थोडं पाणी, दोन ठिपके खूप,
पडली की फुली.
तिसरीला इतकं पाणी की पीठ बोटांतून गळालं.
चौथीपर्यंत तंदूरच निवला होता.
अगं, जाळ वाढव—
शब्द जिभेवर वळवळत होते.
मी लाकडं तिच्या पायाशी ठेवली आणि गाईकडे गेले.

पाचवीचं काय झालं ते ती अजून सांगत नाही.
परत आले तर उकिडवी बसलेली,
एक भुवई करपलेली, नजर आत.
सहावी लटकत होती.
वाकडी, एका कडेने सुटलेली,
चिखलावर बेडूक बसावा तशी,
पण लटकत होती.

संध्याकाळी किमतशो ट्रकवरून उतरला,
ताटात पाच राखाडी नान.
पिठाचा भाव त्याच्याइतका कोणाला ठाऊक?
मी मान खाली घातली.
त्याने सहावी उचलली, मांडीवर झटकली,
उलटी केली, अंगठा फिरवला.
"ही बाजू गुळगुळीत, ही खरखरीत. का गं?"

भिंत तिला ओढून धरते, ओदिनामो म्हणाली,
वासरू आचळ धरतं तशी,
पाणी संपेपर्यंत.
बरोबर की चूक, आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.
शाळेतले मुअल्लिम सांगतील, किंवा नाही सांगणार.

दातांखाली राख करकरत होती.
झोपताना तिने विचारलं,
नदी रात्रीच एवढ्या मोठ्याने का बोलते?

भांडी तशीच राहिली.
उद्या सब्झाजोनकडे पीठ उसनं मागायचं होतं.
मी जोडे शोधले, तिने कंदील घेतला,
आणि दारातच विझवला.
"कानांना कुठे उजेड लागतो?"