सेम टू सेम

पापाची तिकटी. घोसरवाडे बाईंनी
चावी फळीवर ठेवली, म्हणाल्या, अशीच दुसरी हवी.
दस्तगीरचाचा म्हणाले, देतो की, सेम टू सेम.

बाई अडल्या. तीस वर्षं दहावीला इंग्रजी.
असं नसतं हो, एक सेम पुरे.
नाहीतर म्हणा, एका शेंगेतले दोन वाटाणे.
पोरगं बापावर गेलं, तर तिकडं म्हणतात,
बापाची थुंकीच ती.
चाचांची कानस थांबली. थुंकी?
हो.
आणि अडाणी आम्ही.

मी हसलो. मला बाईंनी दोनदा नापास केलेलं,
दोन्ही वेळी एकोणतीस.
त्याला काय म्हणतात, विचारलं नाही.

संध्याकाळी बाई परत.
कल्लव्वा भांड्याला येते, तिच्या हातात फिरत नाही.
चाचांनी दोन्ही चाव्या उजेडात धरल्या,
पाठीला पाठ, दाताला दात.
काय फरक न्हाई ओ.
मग जुनी बाईंना दिली : उघडा बघू, हवेतच.
बाईंचं मनगट जरा वर उचललं गेलं,
मग फिरलं.
कवापासनं उचलताय?
मी? बाई म्हणाल्या, आणि हाताकडं बघत राहिल्या.

चाचांनी नव्या चावीवर कानस दोनदा ओढली.
आता सेम न्हाई. आता लागंल.

बिलबुकात सकाळची ओळ होती : चावी, साठ रुपये.
चावीखाली मी दोन तिरक्या रेघा मारल्या,
साठाखाली काही नाही.
बाईंनी चष्मा वर करून वाचलं.
डिट्टो, म्हणाल्या. त्यात टी दोन.