काळी रेती

पुसाचा महिना, वाघ नदीला पोटरीभर पाणी.
सालेकशाच्या खाली, वळणावर,
फुलवंताबाई सोनझारी माझा दगड धुते आहे.

दगड म्हणजे आता दगड नाही.
टेकडीवर घणाने फोडला,
आमगावच्या चक्कीवाल्याने हात जोडल्यावर
लोखंडी खलात कुटला, चाळला,
रव्याइतका केला:
चाळीस किलो पट्टेरी नाईस
तांदळाच्या पोत्यात.

काथवट डुलते तिच्या हातात.
आधी अभ्रक जातं, चकाकत,
मग गारगोटी, मग गुलाबी फेल्स्पार.
हलकं ते जातं, जड ते तळाला राहतं.
असंच झालं म्हणे पहिल्यांदा:
उकळत्या पृथ्वीवर हलकं ते वर आलं,
निवलं,
आणि त्याला आपण जमीन म्हणालो.
म्हणे, कारण पाहिलं कुणीच नाही.
एका दमात आली की साय धरावी तशी हळूहळू,
यावरून आमच्यात अजून बोलणं बंद असलेली माणसं आहेत.

"सोनं नाही याच्यात."
"माहीत आहे."
"मंग कायले धुवून रायलो आपण?"
मी तळाची काळी रेती दाखवते.
ती हसते, पदराने नाक पुसते.
"हे तं आमी फेकतो जी.
माह्या आजेसासऱ्यापासून फेकतो."

त्या फेकण्यात झिरकॉन असतो.
केसाच्या जाडीचा कण,
जन्मताना युरेनियमला आत घेतो
आणि शिशाला दारातूनच परत पाठवतो.
म्हणून पुढे आत जे शिसं सापडेल
ते त्याच घरात जन्मलेलं.
डोकी मोजायची, की घराचं वय कळतं.

आई तांदळातून खडे वेचायची.
मी खड्यातून हे तांदूळ वेचले,
सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकाने,
दोनशे बारा.
बहुतेकांची वयं आम्हाला हवी तिथेच पडली.
दोघांची नाही.
त्यांच्या पोटात आणखी एकेक कण होता,
कडा झिजलेला, वेगळ्याच आगीतून आलेला.
म्हणजे ज्याला मी पहिला दगड समजत होते
तोही कुठली तरी आधीची जमीन वितळवून झालेला.
बांधीत नांगर घालावा
आणि गेल्या हंगामाचं धसकट फाळाला लागावं, तसं.

मार्चमध्ये सांगायला गेले.
बोडीच्या पाळीवर बसून अंक सांगितला:
तीनाच्या पुढे नऊ आकडे,
अधिक-उणे दोन कोटी वर्षं.
सगळे आकडे नाही सांगितले,
दोन कणांवर पेपर होत नाही.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
"दोन कोटीचा फरक चालते तुमाले?"
"चालतो."
"आमगावचा सोनार तं एक गुंज सोडत नाही."

विद्यापीठाच्या व्हाउचरवर एक रकाना आहे:
कुशल, अकुशल.
लेखा विभागाने आधीच अकुशलवर टिक केली होती.
मी खोडली. व्हाउचर परत आलं.
पुन्हा खोडली.
अजून फिरतंय ते, टेबलावरून टेबलावर,
तीन दिवसांची मजुरी घेऊन.
पैसे मी खिशातून दिले होते, तो प्रश्न नाही.

त्या संध्याकाळी ती पुन्हा पात्रात,
या वेळी स्वतःच्या रेतीवर वाकलेली.
काथवटीच्या कडेला काहीतरी चमकलं,
मोहरीच्या सालीएवढं.
तिने ओल्या बोटाने टिपलं, चिंधीत ठेवलं
आणि उरलेलं फेकायला सवयीने हात वळवला.
थांबली.
"पाह्यजे का?"

नदीच्या रेतीला पत्ता नसतो.
कुठल्या डोंगराची, सांगता येत नाही,
आमच्यात ती पुरावा म्हणून चालत नाही.

मी रुमाल पसरला.