खुराड्यातली लाट

पेटेंगिल यायचा जूनच्या टपालबोटीनं,
एक ट्रंक, बारा कोऱ्या फळ्या
आणि पोटात मळमळ.
समुद्र रंगवणाऱ्या माणसाला बोट लागते
यावर आमचं बेट वर्षभर हसायचं.

मी त्याची तिकाटणी उचलायचे. दहा सेंट रोज.
स्प्रूसच्या रानातून, ब्लूबेरीच्या झुडपांतून
जिथं मेनची जमीन एकदम तुटते
त्या कातळावर तो उभा राहायचा,
तिकाटणीच्या पोटाला धोंडा बांधून.
तिथला वारा चित्र न्यायचा, चित्रकारालाही नेला असता.

"लोविना, पांढरं कुठं आहे सांग."
मी फेसाकडे बोट दाखवायचे.
"नाही. नीट बघ."
मग दिसायचं: फेस जांभळट,
सावलीत बाटलीसारखा हिरवा,
उन्हाच्या अंगाला लोण्यासारखा पिवळा.
पांढरं ठिपक्याएवढंच,
कातळाच्या कानशिलावर लाट बसते तिथं,
तेही पापणी लवेस्तोवर.
तो ठिपका तो शेवटी ठेवायचा, सुरीच्या टोकानं,
आणि मग धरलेला श्वास सोडायचा.

माझा बाप, ईनॉक बील, शेवंडीचे पिंजरे टाकणारा,
एकदा फळीकडे, एकदा पाण्याकडे,
असं तीनदा बघून म्हणाला,
"अर्धी भरती. वारा ईशान्येचा.
अशा दिवशी मी बोट काढत नाही."
बॉस्टनमध्ये कुणी त्याला
याहून मोठी दाद दिली नसेल.

माणसं तो काढायचा नाही.
का, विचारलं तर म्हणायचा, "ती हलतात,"
आणि पुन्हा लाटेकडे वळायचा.

सप्टेंबरात ज्यूडानं बोट काढली.
माझा भाऊ. एकोणीस वर्षांचा, बापाचं न ऐकणारा.
अर्धी भरती. वारा ईशान्येचा.
मी शाळेत होते, भागाकार करत.
वल्हं सापडलं, तेवढंच.

रात्री पेटेंगिल दारात आला, फळी छातीशी धरून.
रंग ओला होता, त्याच्या कोटाला लागलेला.
"यात बोट होती," तो म्हणाला.
"मी बघत होतो, काढत होतो.
वर बघितलं तेव्हा नव्हती.
मग खरवडून टाकली."
आईनं फळी घेतली आणि दार लावलं.
पुढच्या जूनला टपालबोट आली,
ट्रंक आली नाही.

फळी हिवाळाभर भिंतीकडे तोंड करून उभी होती.
फेब्रुवारीत खुराड्याची काच फुटली.
बापानं फळी घेतली, चार खिळे मारले,
रंगाची बाजू आत.
म्हणजे सतरा वर्षं तो समुद्र
आमच्या कोंबड्यांनी बघितला.
पांढरा ठिपका त्यांनी टोचून टोचून खाल्ला.
त्यांना तो दाणा वाटला असणार.

मग पेटेंगिल मेला आणि मोठा झाला.
हातमोजे घातलेला एक माणूस पोर्टलंडहून आला,
खुराड्यात शिरला, वाकून, नाक दाबून,
आणि बाहेर येताना त्याचे डोळे ओले होते.
बापाला वाटलं, वासानं.
आम्हाला नवी खिडकी मिळाली, नवं छप्पर,
बोटीला इंजिन.

आता ते सोनेरी चौकटीत आहे, वेगळ्या दिव्याखाली.
नात मला घेऊन आली. मी एक्याऐंशीची.
पाटीवर लिहिलंय: निर्मनुष्य सागर.
ठिपका त्यांनी पुन्हा भरलाय,
बोटभर डावीकडे. तिथं लाट फुटत नाही.
खरवडलेली जागा तशीच आहे,
बाजूनं बघितलं तर उजेड तिथं थोडा अडखळतो.
मी बाजूनं बघत राहिले.
"मागे व्हा, आजी," रखवालदार म्हणाला,
चांगला मुलगा होता.

खालच्या कोपऱ्यात, वार्निशखाली,
भरडलेल्या मक्याची एक कणी अजून चिकटलेली आहे.
किनाऱ्यावरची वाळू समजून
त्यांनी ती जपलीय.
मी काही बोलले नाही.