बदाम फोडायची जागा

घोटीहून वैतरणेच्या रस्त्याला लागलं
की तिसऱ्या वळणावर अजून दिसतं देवळाचं कौलारू टोक.
आम्ही देऊळच म्हणायचो. चर्च हा शब्द
नाशिकला शिकायला गेल्यावर आला.

फाटकाला नवं कुलूप. किल्ली हिरामणच्या दुकानात,
साबणांमागच्या खिळ्याला.

कबरी नीट केल्यात.
चुना, सिमेंट, कडेनं विटांची रांग,
वर्षानुवर्षं कलंडलेला क्रूस ओळंब्यात उभा.
झिजलेली अक्षरं काळ्या रंगानं भरलीत,
आणि भरणाऱ्यानं अंदाजानं
तबीथाबाई भांबळ यांचं
‘प्रभूमध्ये निजली’
‘प्रभूमध्ये निघाली’ करून टाकलंय.

तबीथाबाई मी पाहिलेली नाही.
आई सांगायची, सुईण होती,
कंदील घेऊन रात्री-बेरात्री तळेगावापर्यंत चालत जायची,
आणि रविवारी प्रवचनात मात्र
पहिल्या बाकावर बसून घोरायची.

तिच्याच दगडावर आम्ही बदाम फोडायचो.
मधे खळगा पडला होता, वाटीएवढा,
बी घरंगळायची नाही.
पाऊस झाला की त्यात चिमण्या.
आता तिथं गुळगुळीत.
हात फिरवला दोनदा,
सिमेंट उन्हानं तापलेलं.

झाड आहे. खाली बदाम पडलेले.
एक उचलला, इकडेतिकडे पाहिलं,
खिशात टाकला.

किल्ली परत देताना हिरामण म्हणाला,
‘रंगाचं काम पोरानं केलंय माझ्या.
काही चुकलंय का?’

म्हटलं, नाही.
सुट्टे नव्हते त्याच्याकडे,
दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्या.