पर्यंत

आई बिडीत मोजते.
गॅस म्हणजे चार हजार, दवाखाना दीड हजार,
आणि निपाणीच्या आमच्या गल्लीत
इरगोंडानं खांबावरून ओढलेली ती पांढरी तार
महिन्याला अडीच हजार बिड्या.
"म्हंजे तीन दिवस," ती म्हणते.
सुपातला हात थांबत नाही.

परवा मी सगळ्यांना विचारलं,
तुमच्याकडं वेग किती, पैसे किती?
जयसिंग रुमेनियात गोदामाच्या पाळीवरून उतरत होता :
हजार. दहा युरोच्या आत.
शहनाज मस्कतहून :
शंभर असेल, मालकीणच भरते,
पासवर्डबी तिच्याकडंच.
लीना जर्मनीत म्हाताऱ्यांची कूस बदलते,
तिचं पन्नास, चाळीस युरो, दोन वर्षांचा करार,
आणि तार जोडायला माणूस आला सहा आठवड्यांनी.
"आमचा इरगोंडा शिडी घेऊन तासात येतोय,"
आई म्हणाली,
जावयाचं कौतुक सांगावं तशी.

मग हिशेब.
युरोचे रुपये मी केले, रुपयांच्या बिड्या तिनं.
"जर्मनीचं अठरा हजार? बोटं ऱ्हातील काय पोरीची!"
मी म्हटलं, लीना बिड्या वळत नाही,
तेवढे मिळवायला तिला तीन तास लागतात.

तीन तास.
आईनं कात्री पानावर धरली,
पत्र्याच्या मापाभोवती फिरवली,
उरलेलं पान बाजूला टाकलं.
"मग स्वस्त कुणाचं गे?"
मी वहीत नुसतीच रेघ ओढली.

पावतीवर लिहिलंय, वर कानडीत, खाली इंग्रजीत :
शंभरपर्यंत.
मी फोनवर मोजून दाखवलं.
काटा चढला,
एकसष्टावर थरथरला, तिथंच बसला.
'पर्यंत' तिला समजावून सांगावं लागलं नाही.
कंत्राटदार पान देतो सातशे ग्रॅमपर्यंत,
त्यात ओलं, त्यात फाटकं,
त्यात तळहाताएवढी भोकं.
बिड्या मात्र हजार म्हणजे हजारच,
वर छाट वेगळी.

"हे आपल्याकडं येणारं झालं.
हितनं जाणारं किती?"
अकरा.
ती हसली, खूप दिवसांनी, तोंडात दोरा धरून.
"त्येच की.
येताना वजनात, जाताना मोजून."

एक मात्र तिला सांगितलं नाही.
मावशी कागलात, दूधगंगेच्या पलीकडं,
एसटीनं अर्धा तास, कोगनोळी नाक्यावर गर्दी नसली तर.
इरगोंडानं एकदा पडद्यावर वाट काढून दाखवली :
मावशीला मी 'जेवलीस काय' विचारलं
तर ते इथून बेळगावला जातं,
बेळगावातून बेंगळुराला,
तिथून मुंबईला, मग पुणं, कोल्हापूर,
आणि मग कागल.
एवढ्या लांबून का रे?
तो पक्कड खिशात घालत म्हणाला,
"तारा शेजारीशेजारीच हाईत, ताई.
गाठ लांब मारलीया."
आणि शिडी सायकलला बांधून निघून गेला,
त्याला अजून चार घरं होती.

आज सकाळी जयसिंगला
त्याच्या लेकीच्या बारशाचा व्हिडिओ धाडला.
पट्टी सरकेना.
आई पडद्याकडं बघत वळत होती.
गेलं?
चाळीस टक्के.
गेलं?
ब्याऐंशी.
पोर पाळण्यात, बायका घुगऱ्या वाटतायत,
नाव कानात सांगितलं जातंय,
आणि ते सगळं अजून आमच्याच गल्लीत,
खांबाच्या आसपास कुठंतरी.

शेवटी बरोबरची खूण आली.
तिकडं उतरायला पानावर जर्दा पसरायचाबी वेळ लागणार नाही,
मी म्हटलं.
तिनं सुपातल्या मोजल्या, बोटानं, दोनदा.
"आठ," ती म्हणाली.
"आपल्याकडनं आठ बिड्या लागल्या.
लिही वहीत."